अण्णांचे गोल तारे

दिवस मावळला की लाईनमन अण्णा गुंद गावात घरोघरी जाऊन ओसरीवरचे दिवे मालवायला सांगत. याच माणसाने नोकरीची सगळी वर्षं खांबांवर चढून या रानातल्या घरांत वीज आणली होती. "तवा लावा म्हणून फिरलो, आता इझवा म्हणून फिरतोय," असं तेच सांगत. लोक हसत, पण अवसेच्या आसपास चार रात्री दिवे मालवत.

माझं जोयड्यात फोटो-झेरॉक्सचं दुकान आहे. अण्णा पहिल्यांदा आले ते आकाशाचे फोटो घेऊन. प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट आला होता. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की काचबिंदूने एक डोळा गेलाय आणि दुसऱ्याला बेळगावच्या डॉक्टरांनी जेमतेम वर्ष दिलंय. तेवढ्यात त्यांना एकच फोटो हवा होता, मृग नक्षत्रातल्या घोड्याच्या डोक्यासारख्या काळ्या ढगाचा, भोवती गोल तारे असलेला.

मी यादी करणारा माणूस. पुढच्याच अवसेला, फोटोआधी तपासायची दहा कलमं वहीत लिहून, गुंदला गेलो. अण्णा मला तम्मा म्हणू लागले, कानडीत धाकटा भाऊ. त्यांच्या मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण बसवलेली होती. तिचा कॅमेरा एकाच ताऱ्यावर नजर ठेवी आणि तो जरा हलला की मोटारीला मागे-पुढे करायला लावी. लॅपटॉपवरची रेघ सरळ चालली की काम नीट चाललंय असं समजायचं. आमची रेघ मधूनच उसळे. वायरी बदलल्या, स्क्रू आवळले, तोल बदलला. दोन महिने वहीत नुसत्या खुणा पडत गेल्या.

कारण सापडलं अक्कांना, म्हणजे अण्णांच्या बायकोला. दुर्बिणीचं तिकाटणं खळ्यात, सारवलेल्या घट्ट जमिनीवर उभं होतं आणि खळ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, म्हातारा बैल बांधलेला असे. "त्यो अंग घासतोय मेढीला," अक्का म्हणाल्या, "तुमी दोघं शिकलेली माणसं स्क्रू पिळत बसलाय." माझ्या यादीत अकरावं कलम वाढलं: बैल गोठ्यात.

फोटो जुळवतानाही अण्णांचे नियम कडक. झाकण लावून नुसत्या काळोखाचे फोटो घ्यायचे आणि कॅमेऱ्याची खोटी चमक त्यांवरून ओळखून खऱ्या फोटोंतून वजा करायची. संगणकावर लांबट तारा गोल करता येतो हे मी दाखवलं, तर म्हणाले, "तसला नको. आला तर आला, न्हाई तर न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात मृग वर येईपर्यंत डोळा टिकणार नव्हता, म्हणून जानेवारीची अवस ही त्यांची शेवटची संधी होती. आकाश स्वच्छ, अकरा कलमांवर खुणा करून मी जेवायला बसलो. पहाटे पाहिलं तर साठातले बारा फोटो त्यातल्या त्यात धड. बाकी सगळे तांदूळ. बैल मेढीलाच होता.

मी रागावलो. अण्णा शांतपणे म्हणाले, "परवा बिबट्यानं शेजारची कालवड न्हेली. आमच्या गोठ्याला दार कुठं हाय? तू जेवत हुतास तवा मीच आणून बांधला."

दार नाही हे मला माहीत होतं. यादीत ते कुठेच नव्हतं.

पावसाळा सरेपर्यंत दुसरा डोळाही गेला. बैलही श्रावणात वारला. बारा फोटो एकावर एक बसवून निघालं ते छापून मी दिवाळीनंतर घेऊन गेलो. फोटो थोडे पडल्याने चित्रावर वाळूसारखी खरखर होती. बाराही फोटोंत बारीकसा हिसका होताच.

अण्णांनी कागदावरून अंगठा फिरवला. "गोल हायत?"

खोटं बोलायचं मी रस्ताभर ठरवलं होतं. "थोडे लांबट आहेत, अण्णा."

"म्हंजे बैल आलाय त्यात."

"व्हय. सगळ्या ताऱ्यांत आलाय."

त्यांनी मान हलवली आणि कागद मांडीवर ठेवला. अंधारायला लागलं तसा मी उठलो.

"अगं, दिवा लाव ओसरीवरचा," त्यांनी आत हाक मारली. "तम्माला वाट दिसू दे."

त्या घरचा ओसरीचा दिवा मी पहिल्यांदाच लागलेला पाहिला. जीपच्या रस्त्याला लागेपर्यंत तो मागे दिसत होता.