आठ परसाच्या विहिरीला शंभराची पट्टी
२०१९ साल, मी अडुसष्टाचा. शेजाऱ्यानं माझ्या विहिरीच्या कडंला बोअर पाडला आन् माझं पाणी दोन परस खाली गेलं, म्हणजे हात वर केलेली दोन माणसं एकावर एक बुडतील एवढं. आता त्याला दुसरा बोअर पाडायचा हुता. तो ग्रामसभेत अडवायला म्या दर अमावस्येला दोर सोडून घेतलेली मापं पुतण्याला दिली. धाराशिवला ठेवून त्याला म्याच शिकवलेला. त्यानं कंप्युटरवर प्रोग्राम लिहून आलेख काढला. ग्रामसभेत शाळेच्या भिंतीवर तो उमटला, तर रेघ निस्ती आडवी! लोक हसले, "तात्या, पाणी तर जागच्या जागी हाय की!" शेजाऱ्याला परवानगी मिळाली. बाहेर चिंचंखाली पुतण्याला गाठला. म्हणला, "आलेखाची उभी पट्टी शंभर परसापर्यंत धरली, तात्या. त्यात दोन परस दिसत न्हायत." "आठ परसाच्या विहिरीला शंभर? कंप्युटरनं धरली व्हय?" त्यानं मान खाली घातली. "न्हाय. तो आठच धरत हुता. आकडा म्या बदलला." शेजाऱ्याची पोरगी त्याला ठरली हुती, मला ठाऊक हुतं, तरी घरचा म्हणून म्या त्याच्यावर इसंबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चुना कालवला, विहिरीत उतरून दगडावर परसा-परसाला पट्टे ओढले, आन् वर येऊन सगळ्यात आधी त्याच्या होणाऱ्या सासऱ्यालाच बघायला हाक मारली.