पोदेराच्या भोंप्यावरची गोळी

कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाने घरी कोणकोणती औषधं घेतली, ते शोधून काढणं हे माझं काम. मी क्लिनिकल फार्मासिस्ट. नवे डॉक्टर मात्र मला खालच्या औषधांच्या दुकानातली बाई समजतात, आणि माझं डोकं फिरतं.

एकदा पार्से गावचे एक आजोबा चक्कर येऊन पडले म्हणून आले, सोबत आजी. रक्तदाब अगदी खाली गेलेला. डॉक्टर डोक्याचा स्कॅन लिहायला बसले, तेवढ्यात मी आजींनी आणलेली औषधांची पिशवी उघडली. प्रेशरच्या महिन्याभराच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या होत्या.

"आजी, दिवसाक किती देतास?" मी विचारलं.

"दोनच देवक सांगल्यानी. घड्याळ कोण बघता? पोदेर पाव घेवन सकाळी येता नि सांजेक येता. त्याचो भोंपू वाजलो की एक गोळी."

मला शंका आली. "पोदेर एकच येता?"

"आता दोन येतत. ह्या पंधरवड्यात नवो एक येवक लागलो."

म्हणजे दिवसाला चार गोळ्या. स्कॅन राहिला, सलाईन लागलं आणि दुपारपर्यंत आजोबा चहा मागू लागले. मी आजींना बजावलं, यापुढे जुन्याच पोदेराचा भोंपू धरायचा, नव्याला विसरायचं.

आजींनी रिकामी पाकिटं पिशवीत भरली. मग म्हणाल्या, "पण बाय, नव्याचो पाव बरो असता."

शेवटी मी केसपेपरवर लिहिलं : गोळी जुन्या पोदेराच्या भोंप्यावर, पाव नव्याचा. मोठ्या डॉक्टरांनी खाली सही केली, नेहमीसारखीच, न वाचता.