तुडतुड्याचं बारसं

औशाच्या शंकरप्पा सरांना तुडतुड्यांचं वेड होतं. तुडतुडा म्हणजे पिकाचा रस पिणारा, हात लावायच्या आत टुणकन उडणारा तिळाएवढा किडा. लोक त्याच्यावर औषध फवारतात. सर त्याच्यामागं जाळी घेऊन पळायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून झालं की निघालेच बांधाबांधानं. दिवसभराच्या कामानं पिचलेली बायको, दानम्मा, संध्याकाळी पांढरी चादर अन् दिवा धरून उभी राहायची. किडे चादर सोडून तिच्याच अंगावर बसायचे.

एवढ्या उचापतीनंतर विष्णुपुरी धरणाच्या काठी गवतात सरांना एक नर सापडला. ह्या किड्यांची जात नराच्या जननेंद्रियावरून ओळखतात, बाकी सगळे सारखेच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तसली ठेवण कुठल्याच पुस्तकात नव्हती. नवी जात! नाव ठेवायचा मान सरांचा, आणि त्यांच्या मनात एकच नाव होतं, दानम्माचं.

बातमी उदगीरला थोरल्या बहिणीकडे, गुरम्माकडे गेली. आक्का पुढच्याच एसटीनं हजर.

"नाव आत्या ठेवती. मी तुझी सख्खी बहीण, म्हंजे ह्याची आत्याच की! आपल्या वडलांचं, आप्पांचं नाव ठेवायचं, शिवलिंग."

वर्गातल्या टारगटांना गप्प बसवणाऱ्या सरांची आक्कापुढं बोबडी वळायची. "आक्का, मी म्हनत होतो, दानम्माचं..."

"बायकोचं? लोक तोंडात शेण घालतील!"

दानम्मा चहा ठेवायला गेली. सरांना स्वतःचीच लाज वाटली.

बारसं ठरलं. घुगऱ्या शिजल्या, शेजारणी जमल्या. टाचणीवरच्या इवल्या कागदाला डिंकानं चिकटवलेला वाळका नर पाटावर विराजमान झाला. आक्का वाकली.

"ह्याचा कान कुठं हाय?"

"कान न्हाईत त्याला."

"मग आईकतो कसा?"

"पायानं, आक्का. काडीची थरथर त्याला पायातून कळती."

"बरं, पायात सांगते."

आक्कानं ओठ किड्याच्या पायाशी नेले, कुर्रर्र केलं, नाव पुटपुटलं. आणि शेजारच्या पंचफुलाबाईनं रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटा घातला. तो इतका मनापासून होता की आक्काच्या तोंडून फुर्रकन हवा सुटली, डिंक निघाला आणि नवी जात उडाली.

"कुणी पाय हलवू नका!" सर किंचाळले. अख्ख्या जगात तो एकच नमुना होता. बायका सतरंजीवर रांगायला लागल्या. कुणी घुगऱ्या उपसल्या, कुणी पदर झटकला.

"हाय की, आक्काच्या ओठावर!" पंचफुलाबाई ओरडली.

"आक्का, श्वास घेऊ नको!" जन्मात कधी गप्प न बसलेली आक्का डोळे वटारून पुतळ्यासारखी बसली. सरांच्या हातातला ओला ब्रश दानम्मानं काढून घेतला आणि नर अलगद उचलून बाटलीत घातला.

आक्कानं भसकन श्वास सोडला. "नाव दानम्माच ठेवलंय," ती म्हणाली. "वाकले तवा हिचं तोंड दिसलं. आप्पा रागावायचे न्हाईत."

दानम्मा आधी फिसकन हसली, मग डोळ्याला पदर लावला.

"वन्सं, ह्या घरात येऊन माझे केस पिकले, तुमी कधी 'ए' शिवाय हाक मारली न्हाई. आज पयल्यांदा माझं नाव घेतलंत, आन् तेबी मेलेल्या किड्याच्या पायात!"