विमानाचा खोटा दांडा

उद्यानाचं फाटक उघडण्याआधी नुकागा मिस्त्री लहान मुलांच्या आठ फिरत्या विमानांपुढे उभा राहायचा, एकेका भागाकडे बोट दाखवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "पट्टा, ठीक! कडी, ठीक! दांडा, ठीक!" तिथले सगळेच मिस्त्री तसं करत. बोट दाखवून तोंडाने बोललं की नजरचूक होत नाही, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. नुकागाची मात्र नजरचूक नव्हतीच. अकरा वर्षं तो त्यातला एक शब्द धडधडीत खोटा बोलत होता.

जपानात समुद्राकाठच्या टेकडीवरचं ते जुनं मनोरंजन उद्यान. रोलर कोस्टरला दरवर्षी नवा रंग, आणि चिल्ल्यापिल्ल्यांच्या खेळण्यांना डब्यात उरेल तो. पण ही विमानं म्हणजे अस्सल काम होतं बरं का! दांडा ओढला की विमान वर, सोडला की खाली. चार वर्षांच्या पोराला जो तो उचलून नेतो, उचलून बसवतो. इथे ते स्वतःच्या हाताने वर जायचं. मिस्त्रीची मुलगी कानाए लहानपणी इथेच पडीक असायची.

मग एक दिवस दांडा ओढताना एका मुलाची हनुवटी त्यावर आपटली. जरासं रक्त आलं. आई भडकली. उद्यानाचे साहेब माफी मागायला कमरेत वाकले, वाकलेलेच राहिले, आणि म्हणाले, "दांडे आजच्या आज बंद करतो." दुपारपर्यंत नुकागाने दांड्यांना जोडलेल्या खालच्या सळ्या सोडवल्या. तेव्हापासून विमानं आपली आपणच वरखाली होऊ लागली. दांडे तेवढे शोभेला राहिले. तपासणीच्या यादीत 'दांडा' होताच, म्हणून हा रोज 'ठीक' म्हणत राहिला. हलतो ना? घट्ट आहे ना? मग ठीकच की! अशी स्वतःची समजूत.

पोरं कसली फसतात! "काका, हे काहीच करत नाही."

"जोर लाव की! भात खाल्ला नाहीस का सकाळी?"

बिचारी पोरं लालबुंद होईस्तोवर ओढायची. नुकागाला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं, आणि तो पुढच्या मुलाचा पट्टा आवळायला वळायचा.

या शरदात कानाए ओसाकाहून पाच वर्षांच्या इबुकीला घेऊन आली. आजोबांचं काम नातू पहिल्यांदाच बघणार होता. "आजोबांचं विमान तू स्वतः उडवायचं हं," असं तिने गाडीत दहादा सांगितलं होतं. नुकागाने पट्टा बांधला. एवढ्या एका पोराच्या लक्षात येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या फेरीला इबुकीने दोन्ही हातांनी दांडा ओढला. दुसरीला सोडून बघितला. तिसरीला हात मांडीवर ठेवून, बसमध्ये बसावं तसा बसून राहिला.

"आजोबा, तुमचं विमान बिघडलंय. मी ओढलंच नाही, तरी वर गेलं."

"जोर लाव..." सवयीने तोंडातून निघालंच.

कानाएने मान वर केली. "बाबा, कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली." त्याने हनुवटीची हकीकत सांगितली.

"दुसरा काही इलाज नव्हता?"

"होता ना. दांड्याच्या टोकाला रबराची गादी. अर्ध्या तासाचं काम. त्याच दिवशी सुचलं होतं."

"मग?"

"साहेबांनी वाकून शब्द दिला होता गं. त्यांच्यासमोर कसं बोलणार?"

"आणि नंतर? अकरा वर्षांत?"

साहेब तर केव्हाच निवृत्त झाले होते.

"चल इबुकी, पुन्हा बसतोस?" तो म्हणाला. "आजोबांकडून फुकट."

इबुकीने आईचा हात धरला. "नको. आजोबांना वाईट वाटणार नसेल तर आपण जाऊया का?"