शाळेमागचे वाल

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी माझ्या तिसरीच्या वर्गात एक नवीन मुलगी आली. शाळेच्या रस्त्याला जे नवं होमस्टे झालंय, तिथे तिचे वडील राखणदार म्हणून लागले होते. कुटुंब नेपाळचं. वडील तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला आले, मला हात जोडले आणि हसून म्हणाले, "मॅडमजी, ये बोलती बहुत है."

पुढचे कित्येक आठवडे तिने वर्गात तोंड उघडलं नाही.

आमची शाळा चौल आणि रेवदंड्याच्या मधे, नारळ-सुपारीच्या वाड्यांना लागून. निम्मी मुलं शेतकऱ्यांची, निम्मी बंदरावरच्या कोळ्यांची. मी स्वतः घाटावरची. बदली होऊन इथे आले तेव्हा मुलांचं अर्धं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं, त्यामुळे न कळणाऱ्या बोलण्यात दिवसभर बसून राहणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. ती खिडकीजवळ बसायची. हजेरीला हात वर करायची. काही विचारलं की मान हलवायची, आणि ती मान हो म्हणतेय की नाही हे मला समजायचं नाही.

थंडी पडली तशी मुलं नटून येऊ लागली. आमच्याकडे थंडी ती केवढी! सकाळी जरा दव पडलं आणि खाडीवरून वारा आला की झालं. तेवढ्यावर मुलं कानटोप्या, दोन-दोन स्वेटर, कोणी आईची शाल अशा थाटात परिपाठाला उभी राहायची आणि प्रार्थनेत दात वाजवायची. ही मात्र अर्ध्या बाह्यांचा गणवेश घालून मजेत उभी. मुलं तिच्याकडे अचंब्याने बघायची. एकाने तर तिचा हात चिमटीत धरून पाहिला आणि सगळ्यांना जाहीर केलं, "गरम हाय!" ती खुदकन हसली. पण बोलली नाहीच.

त्याच सुमारास शाळेमागच्या आजोबांनी आम्हाला जमिनीचा तुकडा दिला. भात कापून झालं होतं. शाळेच्या कुंपणाला लागून त्यांचं शेत. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "बाई, या कोपऱ्यात पोरांकडून वाल लावून घ्या. पोरं शिकतील, आनि पोपटी पन करू." पोपटी म्हणजे शेतातच मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी; ते नाव निघाल्याबरोबर मुलांनी जो गलका केला, त्यानंतर मला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा वालाचं बियाणं घेऊन वर्गात आले. त्यांनी मूठभर दाणे टेबलावर पसरले. मुलं भोवती गोळा झाली. नवीन मुलगी मागून आली, टाचा उंचावून तिने पाहिलं आणि एकदम म्हणाली, "सिमी!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग एकाने विचारलं, "बाई, सिमी कोन?"

सिमी म्हणजे शेंगा. वाल, घेवडा, जे काही वेलीला लागतं ते. हे मला तिने हातवारे करून, मोडक्या हिंदीत सांगितलं. वर्गात ऐकलेला तिचा पहिला शब्द हा. मग काय, मुलांनी दिवसभर दिसेल त्याला सिमी म्हणून घेतलं. डब्यातली भेंडीसुद्धा सिमी झाली.

पेरताना मी जोड्या लावल्या आणि तिला मुद्दाम एका कोळ्याच्या मुलीबरोबर दिलं. या मुलीची आई रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकते. मुलीचा आवाजही आईसारखाच, एका टोकाला बोलली की दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक वळून बघेल असा. वर्गात तिला गप्प बसवता बसवता माझा जीव जायचा. म्हटलं, हिला बोलायला कोणीतरी हवं आणि तिला ऐकायला कोणीतरी हवं, दोघींचं भागेल.

आजोबांनी बोटभर खोल दाणा कसा टोचायचा ते दाखवलं. मुलांनी पाण्याच्या बाटल्या सरसावल्या, तर त्यांनी थांबवलं.

"पानी न्हाय घालायचं."

"मग उगवेल कसा?" वर्गातला सगळ्यात चिकित्सक मुलगा पुढे झाला.

"भाताची ओल हाय ना जमिनीत. वरून दव पडतं. तेवढं पुरे त्याला."

त्याला ते पटलं नाही. त्याने आपल्या ओळीतल्या एका दाण्याला गुपचूप रोज पाणी घातलं. तो दाणा कुजला. मग मी त्याला तोच प्रयोग सगळ्या वर्गाला सांगायला लावला. त्याने छाती काढून सांगितला, जणू दाणा कुजवायचाच त्याचा बेत होता.

अंकुर वर आले आणि आमचं गणित वर्गातून शेतात गेलं. दर शनिवारी पट्ट्या घेऊन जायचं, रोपाची उंची मोजायची, भिंतीवरच्या मोठ्या कागदावर रंगीत पट्टा चढवायचा. सेंटिमीटर पुस्तकात शिकवताना मी दमून जायचे, इथे मुलं मिलिमीटरवरून भांडत होती. त्या दोघींची ओळ कडेला होती. कोळ्याची मुलगी पट्टी धरायची आणि तोंडाने तिची शिकवणी चालू असायची. "ह्यो पाला. ही माती. ह्यो किडा, त्याला हात नको लावू, चावंल. बोल, पाला." ती ओठ हलवायची. आवाज यायचा नाही, पण ओठ हलायचे हे मी पाहिलं होतं.

मी मधल्या सुट्टीत तिला वेगळं घेऊन बसायचे. चित्रं दाखवायचे, "हे काय आहे? हे झाड आहे. म्हण." ती चित्राकडे बघून गोड हसायची. माझ्या शुद्ध मराठीची मजल त्या हसण्यापुढे गेली नाही.

वाल गुडघ्याला आले आणि एका सोमवारी सकाळी मुलं रडतच माझ्याकडे धावत आली. रविवारी कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या होत्या. कडेच्या ओळी तर सपाट, शेंडे सगळे खाल्लेले. कोळ्याची मुलगी बांधावर बसून भोकाड पसरून रडत होती, आणि ती तिच्या शेजारी उकिडवी बसून कुरतडलेली रोपं एकेक करून बघत होती. मग ती उठली आणि काही न सांगता शाळेच्या फाटकातून बाहेर पळाली.

मी घाबरले. तिच्यामागे जायला निघते तोवर ती रस्त्याच्या वळणावर परत दिसली. एका हाताने वडिलांना ओढत आणत होती आणि त्यांच्या भाषेत अखंड बोलत होती. काय ते बोलणं! श्वास घ्यायला थांबत नव्हती. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं की मॅडमजी, मी सांगितलं होतं ना.

त्यांनी नुकसान पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "बकरी तो हमारे गाँव में भी ऐसी ही है." दुपारी होमस्टेच्या वाडीतल्या पडलेल्या झावळ्या आणि मालकाला विचारून आणलेले बांबू घेऊन ते आले. झावळ्या विणून कुंपण कसं करायचं ते त्यांनी मुलांना दाखवलं. सगळा वर्ग विणायला बसला. त्या दिवशी भाषेचा तास झाला नाही, कार्यानुभव मात्र संध्याकाळपर्यंत चालला. आजोबा येऊन कुंपण हलवून बघून गेले. "घट हाय," म्हणाले. रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "शेंडा खुडला म्हनून झाड मरत न्हाय गं. आता बाजूनं फुटेल बघ."

आणि फुटलंही. एका शेंड्याच्या जागी दोन-दोन, तीन-तीन फुटवे आले. भिंतीवरच्या कागदावर उंचीचा पट्टा खाली आला होता. आता फुटव्यांसाठी वेगळा पट्टा काढायचा असं मुलांनीच ठरवलं. पांढरी फुलं आली, मग चपट्या शेंगा लटकल्या.

शेंगा भरल्या तशी पोपटीची तारीख ठरली. कोणी काय आणायचं यावर दोन दिवस चर्चा चालली. कोंबडी घालायची असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. शाळेची पोपटी, तेव्हा बटाटे, रताळी आणि अंडी यांवर भागवायचं असं मी ठरवलं. मुलं बांधावरून भांबुर्डीचा पाला खुडून आली. त्याचा उग्र वास वर्गभर सुटला. मडकं आजोबांचं. तळाशी पाला, मग शेंगांचा थर, त्यावर खडेमीठ आणि ओवा, मधे बटाटे, रताळी, पाल्यात गुंडाळलेली अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा दाबून पाला. पाण्याचा थेंबही नाही. मडकं शेतात उलटं ठेवलं, भोवती झावळ्या आणि पेंढा रचला आणि आजोबांनी पेटवलं. मी मुलांना लांब गोलात बसवलं. पालकही आले होते. नव्या मुलीचे आई-वडील जरा बाजूला उभे होते, त्यांना मासळीवाल्या आईने हाताला धरून पुढे आणून बसवलं.

जाळ चढला, वास सुटला आणि मुलांचा धीर सुटला.

"झाली, झाली! काढा!"

"वास आला म्हंजे झाली!"

"माझा बाबा एवढ्यातच काढतो!"

आजोबा म्हणाले, "थेंब टाकून बघू. मडक्यावर टाकलेला थेंब चर्र करून जागच्या जागी उडाला, तर झाली." त्यांनी काठीने एका बाजूचा जाळ मागे ओढला आणि गोलाकडे पाहिलं. आरडाओरडा न करता बसलेली ती एकटीच होती. "तू ये गं," ते म्हणाले. तिला त्यांनी आपल्याजवळ उभं केलं, बादलीत तिची बोटं बुडवली आणि लांबूनच पाणी शिंपडायला लावलं.

थेंब मडक्यावर पडले, फुसफुसले, आणि त्यातला एक हळूहळू ओघळत खाली गेला.

"झाली!" पोरं उठलीच.

ती गर्रकन वळली, दोन्ही हात पसरून मडक्याच्या आड उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "न्हाय! अजून न्हाय शिजलं! बसा गप सगली!"

मग आजोबा हसायला लागले, त्यांच्यामागे पालक, आणि मग सगळं शेत. कोळ्याची मुलगी उड्या मारत होती. "बाई, ऐकलं का? आमच्यासारखी बोलली! मी शिकवलं तिला!" तिच्या आईने पदर तोंडाला लावला, कारण "बसा गप सगली" हे शब्द आणि तो आवाज बाजारात सगळ्यांच्या ओळखीचा होता. नव्या मुलीचे वडील प्रत्येकाला विचारत होते, "क्या बोली? क्या बोली?" मी सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी मलाच पुन्हा नमस्कार केला.

मुलं मात्र खरोखर गप बसली. आजोबांनी जाळ पुन्हा सारला. थोड्या वेळाने तिने परत पाणी शिंपडलं, थेंब चर्र करून उडाले. तिने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी मान डोलावली. मग मडकं फुटणार नाही अशा बेताने सरळ केलं, पाला काढला आणि वाफेचा एक लोट वर आला. हात पोळत होते तरी सगळ्यांनी शेंगा सोलून खाल्ल्या. मी आजवर एवढ्या चवीने काही खाल्लेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी एकच प्रश्न लिहिला: पाणी घातलं नव्हतं, मग वाफ कुठून आली? चिकित्सक मुलगा म्हणाला, हवेतून. एकजण म्हणाला, भांबुर्डीतून. कुणी म्हणालं, दवातून. खिडकीजवळून हात वर आला.

"शेंगेच्या पोटात पानी हाय," ती म्हणाली. "भायेर जाल, आत घाम." मडक्याभोवती जाळ कसा पेटला ते तिने हातांनी दाखवलं.

मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "ये, फळ्यावर चित्र काढून सांग सगळ्यांना." ती पुढे आली. मडकं काढलं, शेंगा काढल्या, प्रत्येक शेंगेला घामाचे थेंब काढले. मग हात झटकून तिने शेंगांना डोळे आणि तोंडंही काढली, आणि घंटा झाली तरी जागेवर जायचं नाव काढीना.