तुम्हाला दिलं तर पायंडा पडतो

"मगदूम बाई, तुम्हाला परीक्षेला बसू दिलं तर पायंडा पडतो," असं म्हणून प्राचार्यांनी माझा अर्ज टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

मी तो उचलला नाही.

एलएलबीचं पहिलं वर्ष. माझं वय चव्वेचाळीस. हजेरी कमी पडली म्हणून मी ‘डिटेन’ झाले होते. म्हणजे परीक्षेला बसायचं नाही आणि वर्ष वाया. बावीस वर्षांच्या मुलाचं वर्ष गेलं तर तो पुढच्या वर्षी परत येतो. माझं गेलं असतं तर मी परत येणार नव्हते. नवऱ्याने सांगितलंच होतं, "एक साल बघू. झेपलं तर पुढचं." सासूबाईंना तर हे खूळ दिवाळीपर्यंतच उतरेल अशी खात्री होती.

मी मूळची फार्मासिस्ट. पलूसजवळ आमच्या गावात माझं मेडिकल होतं. दुकानाच्या लायसन्सची एक नोटीस आली, तिला उत्तर द्यायला सांगलीत वकील केला. मी काहीही विचारलं की तो म्हणायचा, "ते तुम्हाला नाही कळायचं." चार वेळा ऐकून घेतलं. पाचव्या वेळी लॉच्या प्रवेशाची चौकशी करून घरी आले.

कॉलेज सांगलीत, सकाळचं. वर्गातली मुलं पहिल्या आठवड्यात मला ‘मॅडम’ म्हणून उभी राहायची. शिक्षक नाही, विद्यार्थिनी आहे हे कळल्यावर ‘काकी’ म्हणायला लागली. इंग्रजी निकाल वाचताना एकेका वाक्याला तीनदा मागे जावं लागायचं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी वीस वर्षं वाचत आले, पण तिथे वाक्य संपतं तरी.

टॉर्ट्स शिकवायला जोशी मॅडम होत्या, वाईच्या. टॉर्ट म्हणजे एकाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई कुणी द्यायची, त्याचा कायदा. त्यातली पहिलीच केस स्कॉटलंडची. एका बाईने शीतपेय प्यायलं आणि गडद काचेच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने. मग बाईने दावा कुणावर करायचा? कोर्ट म्हणालं, बनवणाऱ्यावर करता येईल.

"हा झाला प्रिसिडंट, म्हणजे पायंडा," मॅडम म्हणाल्या. "वरच्या कोर्टाने एका केसमध्ये जे कारण देऊन निर्णय दिला, ते कारण पुढच्या तशाच केसमध्ये खालच्या कोर्टाला पाळावं लागतं. निकाल नाही, कारण पाळायचं. कोण जिंकलं ते पेपरवाले सांगतात. का जिंकलं ते तुम्ही शोधायचं."

मी हात वर केला. "मॅडम, गोगलगायीच्या जागी पाल निघाली तर?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "तर काय बदललं?"

"काही नाही."

"आणि बाटली पारदर्शक काचेची असती तर?"

मी विचार केला. "मग आतलं दिसलं असतं. पिणाऱ्याला आधीच कळलं असतं."

"म्हणजे कुठला फरक महत्त्वाचा आणि कुठला नाही, हे कारणावरून ठरतं. बसा."

पहिल्या वर्षातलं बाकी बरंचसं मी विसरले. हे नाही विसरले.

आता हजेरीचं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, असा कायदा आहे. म्हणून मी सकाळच्या वेळेला सुजाता नावाची मुलगी ठेवली होती, डी.फार्म झालेली. ती दुपारपर्यंत बसायची, मग मी. सुजाताला साताऱ्यात सरकारी नोकरी लागली आणि ती गेली. दुसरं माणूस मिळेना. फार्मसी शिकलेलं कुणी खेड्यात येऊन सकाळी शटर उघडायला तयार नव्हतं. दोन महिने मी सकाळी दुकानात बसले आणि कॉलेज बुडालं.

यावर गावात एक सोपा उपाय सर्रास चालतो. सर्टिफिकेट भिंतीला टांगायचं आणि काउंटरवर कुणालाही बसवायचं. शेजारचे पांडूतात्या रोज सुचवायचे.

"आवं वैनी, सर्टिफिकेट हाय न्हवं भिंतीला? मालकास्नी बसवा की."

"तात्या, मालकांना द्राक्षबागेची औषधं कळतात. तुमची शुगरची गोळी ते पंपात मिसळून देतील."

"द्येऊ द्या की. कीड तरी लागायची न्हाई मला."

कॉलेजातही असाच उपाय होता. आटपाडीची रेश्मा माझ्याच बाकावर बसायची. तिने फोन केला. "काकी, मी मारते की तुमची प्रॉक्सी. आवाज काढायचा आणि ‘प्रेझेंट’ म्हणायचं. सर मान वर पण करत न्हाईत."

मी दोघांनाही नको म्हटलं. मला कुणाकडून शाबासकी नको होती. नोटिशीचं एक प्रकरण आधीच चालू होतं, दुसरं मला परवडणारं नव्हतं. आणि कायदा शिकायला जाऊन पहिल्याच वर्षी खोटी हजेरी, हे मला बावळटपणाचं वाटत होतं.

तर मी अर्ज केला. नियमात थोडी फट आहे. खरोखर अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य थोडी कमी हजेरी चालवून घेऊ शकतात. टेबलापलीकडे तिघं होते: प्राचार्य, जोशी मॅडम आणि ऑफिस सुपरिंटेंडेंट. पायंड्याचं वाक्य ऐकल्यावर मी पर्समधून प्रिंटआउट काढला.

"सर, हायकोर्टाचा निकाल आहे. वाचते. कमी हजेरीसारख्या तांत्रिक कारणावरून विद्यार्थ्याचं वर्ष वाया घालवणं हे अन्यायाचं आणि शिक्षणाच्या हेतूलाच मारक आहे."

मला वाटलं, झालं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य फिरत होतं. मी पूर्ण निकाल शोधून काढला होता आणि पिवळ्या पेनाने रंगवलाही होता.

जोशी मॅडमनी हात पुढे केला. कागद बघितला. "मगदूम, हे वाक्य कुणाचं आहे?"

"हायकोर्टाचं."

"त्याच्या वरची ओळ वाचा."

मी वाचली. याचिकाकर्त्या विद्यार्थ्याच्या वकिलांनी असं म्हणणं मांडलं की.

"आता शेवटचं पान."

याचिका फेटाळण्यात येत आहे.

सुपरिंटेंडेंट खोकल्यासारखं हसले. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे बाई, तुम्ही तुमच्याच विरुद्धचा निकाल घेऊन आलात."

सांगून ठेवते, ही चूक पहिल्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी करतो. न्यायाधीश निकालात आधी दोन्ही वकिलांचं म्हणणं लिहितात. पानंच्या पानं. ती इतकी ठामपणे लिहिलेली असतात की कोर्टच बोलतंय असं वाटतं. नवा माणूस आपल्या सोयीचं वाक्य उचलतो आणि पळत सुटतो. हरलेल्याची वाक्यं नेहमीच जास्त चटकदार असतात.

मी प्रिंटआउट घडी करून पर्समध्ये ठेवला. पण उठले नाही.

"सर, पायंडा पडतो म्हणालात. आधीचा पायंडा काय आहे?"

उत्तर सुपरिंटेंडेंटनी दिलं. "गेल्या वर्षी एक पोरगा होता. मोबाईलचं दुकान आहे त्याचं. हेच कारण, दुकान सांभाळायला कुणी नाही. त्याला नाही म्हटलं. धंदेवाल्यांना सवलत नाही."

"असं सर म्हणाले होते? धंदेवाल्यांना सवलत नाही?"

"अर्थ तोच."

"मला दोन दिवस द्या," मी प्राचार्यांना म्हटलं. "तो का हरला ते बघून येते."

त्यांनी जोशी मॅडमकडे पाहिलं. मॅडम छताकडे बघत होत्या. "परवा या," प्राचार्य म्हणाले.

बाहेर पडताना मी मॅडमना गाठलं. "मॅडम, काही सुचवाल का?"

"मी शिक्षक आहे. तुमची वकील नाही," त्या म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

त्या मुलाचं नाव सचिन. विटा रस्त्याला त्याचं दुकान होतं. दुकानात दोन पोरं कामाला आणि तो स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसलेला. मान आणि खांदे एकच.

"व्हय काकी, मीच तो. वरीस गेलं माझं."

"दुकानामुळे येता आलं नाही?"

तो हसला. "अर्जात तसं लिवलं. दुकान ही पोरंच चालवत्यात. मी सकाळी तालमीत. सरांनी माझा कुस्तीचा फ्लेक्स बघितलाय, कॉलेजच्या दारातच लागला हुता."

"मग सर काय म्हणाले? नीट आठव. शब्द आठव."

"म्हणले, दुकान कुणीबी उघडलं असतं, तुला यायला काय झालं हुतं?" त्याने मान हलवली. "खरं बोलले. त्यात काय."

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. मी चहा न घेता उठले याचा त्याला राग आला. पण आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचायचं होतं. आमच्याकडे त्याला सवलत नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच टेबल, तीच तीन माणसं. या वेळी माझ्या हातात एकही कागद नव्हता.

"सर, सचिनला तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर होतं," मी सुरुवात केली. सुपरिंटेंडेंटनी चष्मा काढला. "पण धंदा आहे म्हणून तुम्ही नाही म्हणाला नव्हता. दुकान कुणीही उघडलं असतं, तरी तो आला नाही, म्हणून नाही म्हणालात. त्याची गैरहजेरी टाळता येण्यासारखी होती, हे कारण. दुकान मोबाईलचं की औषधाचं यानेच फरक पडतो. मोबाईल कुणीही विकू शकतं. औषध कुणीही देऊ शकत नाही."

"दुकान बंद ठेवायचं," प्राचार्य म्हणाले. "कॉलेजला येणं तुमची निवड. दुकान चालवणं पण तुमचीच निवड."

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी तो चांगला होता.

"ठेवलं असतं सर. सकाळी आमच्या गावात दवाखाना उघडतो. डॉक्टर चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीचं औषध गावात फक्त माझ्याकडे मिळतं. दोन महिने रोज सकाळी मी शटर बंद ठेवलं असतं तर माझी हजेरी भरली असती आणि म्हाताऱ्या माणसांना इन्सुलिनसाठी पलूस गाठावं लागलं असतं. एक कायदा म्हणतो दुकानात हजर राहा. दुसरा म्हणतो वर्गात हजर राहा. मी एकटी आहे. दोन्हीपैकी कुठला मोडायला पाहिजे होता ते तुम्ही सांगा. तुम्ही कायदा शिकवता."

"बाई, आवाज—"

"आवाज तेवढाच आहे सर माझा. काउंटरवरचा आहे." मी थांबले नाही. "दोन्हीकडे खोटं करायची सोय होती. भिंतीवर सर्टिफिकेट होतं आणि वर्गात माझी प्रॉक्सी मारायला माणसं तयार होती. ते केलं असतं तर माझी हजेरी पूर्ण दिसली असती आणि मी आज इथे नसते. नियम पाळला म्हणूनच मी तुमच्यासमोर उभी आहे. हे अपवादात्मक नसेल तर दुसरं काय असतं?"

सुपरिंटेंडेंट पुढे वाकले. "प्रॉक्सी कोण मारतं? नावं सांगा."

"सांगणार नाही. तो मुद्दा माझ्या अर्जात नाही."

जोशी मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. प्राचार्यांनी माझा अर्ज पुन्हा समोर ओढला. मग म्हणाले, "बाहेर बसा."

बाहेर बाकावर रेश्मा होती. "काय झालं ओ काकी?"

"भांडण झालं."

"कोण जिंकलं?"

"ते नंतर. का ते आधी बघू."

ऑर्डर संध्याकाळी मिळाली. मला परीक्षेला बसायची परवानगी होती. अट होती, बुडालेल्या विषयांचे जादा तास सुट्टीत येऊन भरायचे. कारण एका परिच्छेदात लिहिलं होतं: गैरहजेरी टाळता येण्याजोगी नव्हती. आणि अगदी खाली एक ओळ: हा निर्णय पायंडा म्हणून गृहीत धरू नये.

मी सुट्टीत तास भरले. परीक्षेला बसले. टॉर्ट्समध्ये जेमतेम पास झाले, ते जोशी मॅडमनी पुढचं अख्खं वर्ष ऐकवलं. नवरा म्हणाला, "झेपलं म्हणायचं," आणि सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षाची परवानगी मिळाली.

पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक नर्स होती, कोरेगावची, नोकरीला सांगलीत. तिच्या वॉर्डातली जोडीदारीण रजेवर गेली आणि सकाळची ड्यूटी हिच्यावर आली. हजेरी कमी. ती माझ्या ऑर्डरची कॉपी मागायला आली. मी झेरॉक्स दिली आणि तिला म्हटलं, "खालची ओळ वाचून घाबरू नको. वरचा परिच्छेद पाठ कर. आणि तुझी ड्यूटी दुसरं कुणी करू शकत होतं का, ते आधी स्वतःला विचार. उत्तर हो असेल तर जाऊच नको."

दोन दिवसांनी प्राचार्यांनी मला व्हरांड्यात अडवलं. "मगदूम, तुम्ही माझी ऑर्डर झेरॉक्स काढून वाटताय म्हणे?"

"एकीला दिली सर."

"त्यात शेवटी काय लिहिलंय?"

"पायंडा धरू नये."

"मग?"

"सर, कारण तुम्ही लिहून दिलंय. ते तिला लागू होत नसेल तर फरक दाखवा आणि नाही म्हणा. पण नुसतं ‘पायंडा पडतो’ म्हणू नका. ते तुम्हीच आम्हाला शिकवता."

ते ऑफिसकडे वळले. नर्सला परवानगी मिळाली. तिची ऑर्डर मी मागून बघितली. कारण तेच होतं. शेवटची ओळ नव्हती.

आता मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. सनद घेताना दुकान विकलं, कारण वकिलाला दुसरा धंदा करता येत नाही. ऑफिसांत, सोसायट्यांत, पंचायतीत माझ्या अशिलांना अजूनही तेच ऐकवलं जातं, की तुम्हाला दिलं तर पायंडा पडतो. मी विचारते, आधीच्याला नाही म्हटलं त्याचं कारण काय? बहुतेक वेळा कुणालाच ते माहीत नसतं. तिथून पुढे केस सोपी होते.