अण्णांना मी दिलेली ग्वाही

माझं कतारमधलं पोस्टिंग नऊ महिन्यांचं होतं. मी अमेरिकन लष्करात सार्जंट होतो, काम लॉजिस्टिक्सचं. म्हणजे लढणाऱ्यांना पाणी, जेवण आणि डिझेल पोचवायचं. शौर्याच्या गोष्टी ज्यांना हव्यात त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. आमच्याकडे पाण्याचे टँकर होते.

जन्म माझा कराडजवळचा. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर टेक्सासला गेलो, एकविसाव्या वर्षी भरती झालो, वर्दीत असतानाच तिथला नागरिक झालो. आमच्या शपथेत संविधानाचं नाव आधी येतं, राष्ट्राध्यक्षांचे हुकूम नंतर. हे मी तेव्हा ज्याला त्याला ऐकवायचो. विचारलं नाही तरी ऐकवायचो.

तळावर रोज सकाळी सहाला टँकर यायचे. गेटवर गाडी तपासायची, पाण्याचा नमुना घ्यायचा, मग आमची जीप पुढे आणि टँकर मागे, अशी वरात पाण्याच्या टाक्यांपर्यंत. दुसऱ्याच आठवड्यात एक ड्रायव्हर व्हॉल्व्हशी झटताना पुटपुटला, "आरं मुडद्या, निघ की आता!" मी मागूनच म्हणालो, "उलटा फिरवताय तुम्ही." तो इतका दचकला की पाना माझ्या बुटावर पडला.

हे ज्ञानदेव अण्णा. माण तालुक्यातले, पंचेचाळिशीचे, कतारात बारा वर्षं काढलेले. गाडी एका कंत्राटदाराची, अण्णा तिचे ड्रायव्हर. त्या दिवसापासून मला 'पाव्हणं' म्हणायला लागले. माझ्या वर्दीवरचे पट्टे त्यांनी कधी मोजले नाहीत.

शुक्रवारी सुट्टी जुळली की आम्ही दोहा शहरातल्या अल मन्सूरा भागात एका रेस्टॉरंटमध्ये जेवायचो. तिथं टीव्ही कायम चालू. आखातापलीकडच्या देशाशी आमच्या सरकारची धुसफूस वाढत होती आणि पडद्यावर नकाशेच नकाशे. अशाच एका शुक्रवारी अण्णांनी विषय काढला.

"पाव्हणं, मंडळींना महिनाभर आनावं म्हंतो. व्हिजिट व्हिसावर. बारा वर्सं झाली, ती म्हंते एकदा तरी दाखवा कुठं ऱ्हाताय. पन हे असलं वातावरन. तुम्ही आतलं मानूस. आनू का नको?"

मी छाती फुगवून बसलो. म्हणालो, "अण्णा, आमच्याकडे एक माणूस उठला आणि युद्ध सुरू केलं असं होत नाही. संसदेला विचारावं लागतं. तिथं वाद होतात, मतदान होतं. महिनाभर टीव्हीवर भांडतील. तुम्हाला कळेल, मला कळेल, सगळ्या जगाला कळेल. तेवढ्यात वहिनींना परत पाठवता येईल."

"म्हंजी तुमच्या राष्ट्राध्यक्षाला बी ठराव घ्यावा लागतो?"

"लागतोच."

"आमचा सरपंच तर कुनाला इचारत न्हाई!" अण्णा हसले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हिसाचं काम सुरू केलं.

खरं तर मी त्यांना पुस्तकातलं सांगितलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत किती हल्ले त्या मतदानाशिवाय झाले, हे मला ठाऊक होतं. पण अण्णांसमोर माझ्या नव्या देशाची शान मारायची होती ना! मग कशाला आठवतंय?

सुनंदावहिनी आल्या. अण्णांनी अल मन्सूरातच एक खोली भाड्यानं घेतली. वहिनींनी येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती, ओळखपाळख नसताना. अण्णा आमच्या गेटवर रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली.

वहिनींना येऊन दोन आठवडे झाले होते. गुरुवारी दुपारी कॅप्टननं आम्हा सार्जंटांना आत बोलावलं. विमानं तळावरून हलवायची, जरुरीपुरती माणसं ठेवून बाकीची बसनं बाहेर काढायची. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मी हात वर केला. "सर, संसदेत मतदान झालं का?"

"नाही."

"होणार आहे का?"

"सार्जंट, मतदान घेतलं तर शत्रूला तारीख कळते. अजून काही? बाहेर एक शब्द जाणार नाही. घरी नाही, मित्रांना नाही. स्पष्ट?"

"येस सर."

कॅप्टनचं चूक नव्हतं. मतदान झालं असतं तर शत्रूला तारीख कळली असती. पण अण्णांनाही कळली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी तोंड उघडलं असतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मला तीन तासांची सुट्टी मिळाली. जायला नको होतं, पण नेहमीप्रमाणे गेलो नाही तर अण्णांना संशय येईल, असा मी हिशोब केला. वहिनी पण होत्या. त्यांनी मासे मागवले होते आणि काट्यांना शिव्या घालत जेवत होत्या. अण्णांनी खालच्या आवाजात विचारलं,

"पाव्हणं, काल तळावर बसा लय हालत हुत्या. काय हाय का?"

"रूटीन आहे. एक्सरसाइज."

"न्हाई म्हंजी, असंल तर हिचं तिकीट अलीकडचं करतो. उद्याच्या इमानात जागा हाय, बघून ठेवलंय मी."

आता ऐका मी काय केलं. गप्प बसायचा मला हुकूम होता. गप्प बसलो असतो तरी अण्णा समजले असते. बारा वर्षं परक्या देशात काढलेल्या माणसाला गप्प बसणं वाचता येतं. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "अण्णा, सांगितलं होतं ना? मतदान झाल्याशिवाय काही होत नाही. टीव्हीवर दिसलं का मतदान?"

"न्हाई बा."

"मग?"

"मग ऱ्हाऊ दे तिला," अण्णा म्हणाले. वहिनी खूश झाल्या. त्यांना समुद्रकाठी अजून जायचं होतं.

खोटं बोलायचा हुकूम मला कोणीही दिला नव्हता. ज्या संविधानाची शपथ मी मिरवायचो, त्याच्याच आडून मी खोटं बोललो. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

रविवारी सकाळी उठलो तर आमच्या बाजूनं हल्ला होऊनही गेला होता. राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर बोलत होते. संसदेतल्या कित्येकांना तेव्हाच कळलं, म्हणजे रेस्टॉरंटच्या वेटरला कळलं त्याच वेळी. अण्णांचे सहा फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. सोमवारी सकाळी ते टँकर घेऊन आले तेव्हा मी जीपवर दुसऱ्याला पाठवलं. दुसऱ्या खेपेलाही तेच केलं. विमानांत जागा मिळत नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं म्हणे.

सोमवारी संध्याकाळी सायरन वाजला तेव्हा अण्णांची तिसरी खेप चालू होती. मी बंकरमध्ये रेडिओवर होतो. वर आमची क्षेपणास्त्रं त्यांची क्षेपणास्त्रं अडवत होती. दर वेळी जमीन हलायची आणि छतातून माती पडायची. दोहाच्या बाजूचं आकाशही लाल झालंय, असं कोणीतरी म्हणालं. मग रेडिओवर गेटवरच्या पहारेकऱ्याचा आवाज आला.

"कंट्रोल, गेट टू. वॉटर ट्रक बाहेर जातोय. थांबत नाही."

"से अगेन?"

"वॉटर ट्रक. ड्रायव्हरला गाडी सोडून शेल्टरमध्ये ये म्हटलं. बायको, बायको एवढंच बोलतोय."

मी कॅप्टनकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे."

"गेट टू, जाऊ दे," मी रेडिओवर म्हणालो.

टँकर अर्धाच रिकामा झाला होता. टँकर चालवणाऱ्या कोणालाही विचारा, भरलेला बरा, रिकामा बरा, अर्धा वाईट. वळणावर आतलं पाणी सगळं एका बाजूला धावतं. अण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. हायवेवरून दोहाकडे वळणाऱ्या रॅम्पवर टँकर आडवा झाला. अण्णा जागेवरच गेले.

ऑल क्लिअर झाल्यावर आम्हाला हँगरमध्ये उभं केलं. कमांडर म्हणाला, "झिरो कॅज्युअल्टीज." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. अर्ध्या तासानं अण्णांच्या कंपनीतल्या ड्रायव्हरचा फोन आला. पोलिसांनी वाहतूक अपघात म्हणून नोंद केली. तसं पाहिलं तर बरोबरच होतं.

मी वहिनींना भेटलो तेव्हा खोलीत कंपनीतली चारपाच माणसं होती. वहिनींनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "भाऊजी, तुम्हाला म्हाईत हुतं का?"

"नाही वहिनी. कोणालाच माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

मी पुढं सेवा सोडली. टेक्सासमध्ये आमच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये अजून वाद चालतो, राष्ट्राध्यक्षानं संसदेला विचारावं की नाही. एक म्हातारा म्हणतो, पाचशे माणसांना विचारत बसलं तर देश बुडेल. कोणी अंगावर चालून आलं तर त्याचं खरंय. आम्ही हल्ला केला तेव्हा आमच्या अंगावर कोणी आलं नव्हतं. मी एवढंच म्हणतो की ते मतदान फक्त वॉशिंग्टनमधल्यांसाठी नसतं, आणि मग मला पुढं बोलवत नाही.

गेल्या हिवाळ्यात भारतात आलो आणि माणला गेलो. वहिनींनी भिंतीवर अण्णांचा फोटो लावलाय, इस्त्रीच्या शर्टातला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. गुरुवारी मला कळलं होतं, शुक्रवारी मी खोटं बोललो, उद्याच्या विमानात जागा होती.

वहिनी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "कुनालाच म्हाईत नव्हतं, असं मी समद्यांना सांगत आले. सासूबाईंना सांगितलं. रातच्याला सोताला सांगितलं. त्यावर दिस काढले मी. आता काय सांगू?"

मी अण्णांच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि सवयीनं हात कपाळाकडे गेला. "सलाम नगा करू," वहिनी म्हणाल्या. मी हात खाली घेतला.